फुकट ते पौष्टिक!

2025 सालची दिवाळी चार दिवसांवर आली होती आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात आवराआवरीला ऊत आला होता. माळ्यावरची पातेली खाली आली, रद्दीचे गठ्ठे बांधून झाले, आणि शेवटी सौ.ची नजर बाहेरच्या खोलीतल्या कोपऱ्याकडे वळली. त्या कोपऱ्यात टेबलावर आमचा संगणक बसलेला असतो. 'बसलेला' म्हणायचे ते अशासाठी की, 2014 साली घेतलेले ते यंत्र अलीकडे उठायलाच तयार नसे. सकाळी कळ दाबावी, चहा करून प्यावा, वर्तमानपत्राचे मथळे वाचून काढावेत, आणि मग पडद्यावर काही दिसले तर दिसले!

"अहो, हे धूड एकदाचं हलवा बघू," सौ. म्हणाली. "तेवढ्या जागेत फराळाचे डबे तरी राहतील."

तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. आमच्या यंत्रावर विंडोज 10 होती, आणि तिला सुरक्षेच्या नेहमीच्या सुधारणा मिळणे 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले होते. पुढची आवृत्ती आमच्या जुन्या यंत्राला पेलणारी नव्हती. मी पेठेतल्या दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, "साहेब, त्यात आता जीव नाही. नवा घ्या. सॉफ्टवेअरची चिंता करू नका, सगळं मी फुकटात टाकून देतो." आणि त्याने डोळे मिचकावले. त्या मिचकावण्याचा अर्थ तुम्हाआम्हा मध्यमवर्गीयांना चांगला ठाऊक आहे. चोरीची प्रत! एरवी भाजीवाल्याला दोन रुपये जास्त दिले गेले तर परत मागायला न जाणारी आपण सज्जन माणसे. पण या एका बाबतीत आपला सज्जनपणा कुठे जातो कोण जाणे!

नवे यंत्र घ्यायचे जवळजवळ ठरले. तेवढ्यात आतल्या खोलीत वाती वळत बसलेली आई म्हणाली, "अरे, पण ह्यांचं लिखाण त्यातच आहे ना?"

मी चपापलो. माझे वडील शाळामास्तर. निवृत्तीनंतर, 2005 सालापासून, त्यांनी आपल्या आठवणी संगणकावर लिहायला घेतल्या. उजव्या हाताचे एक बोट आणि डाव्या हाताचे एक, अशी दोन बोटे चार वर्षे चालली. आईने वाचायला मागितले की म्हणत, "पुरं झालं की देतो." 2010 साली बाबा गेले. लिखाण पुरे झाले होते की नाही, हे आम्हांला कळलेच नाही. त्यांची फाइल मात्र एका संगणकावरून दुसऱ्यावर, घरातल्या तांब्याच्या बंबासारखी, वारसाहक्काने येत राहिली. 'निवांत वाचू' म्हणत मी ती पंधरा वर्षांत एकदाही उघडली नव्हती.

"मला एकदा वाचून दाखव," आई म्हणाली. "माझं ऐकू येणं आहे तोवर."

मी फाइल उघडली. पडद्यावर मराठीचे एक अक्षर नाही! इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे, डॉलरची चिन्हे. रांगोळीवरून मांजर नाचून जावे, तशी 112 पाने. दुकानदाराने फोनवर निदान केले, "फाइल खराब झाली साहेब. काही उपयोग नाही." मी आईला सांगितले, "उघडायला थोडा वेळ लागतोय." ती बरे म्हणाली आणि पुन्हा वातींकडे वळली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी माझा भाचा सुट्टीसाठी आला. पुण्याला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने आधी चकलीच्या डब्याचा समाचार घेतला, मग संगणकाचा.

"मामा, हा टाकू नका. अजून चार-पाच वर्षं सहज चालेल."

"अरे, पण त्यावर नवं काही बसत नाही."

"बसतं की. आणि एक पैसा न देता. चोरी न करता."

मला हसू आले. आपल्याकडे 'फुकट ते पौष्टिक' म्हणतात खरे, पण ते फुकट खाणाराला हिणवण्यासाठी. फुकटची वस्तू पौष्टिक असेल यावर चार ठिकाणी चटके खाल्लेल्या माणसाचा विश्वास कसा बसावा? आणि मी तर या बाबतीत चांगलाच भाजलेला होतो. दोन वर्षांपूर्वी 'तुमचा संगणक मोफत वेगवान करा' असे सांगणारा एक कार्यक्रम मी मोठ्या हौसेने उतरवून घेतला. त्याने पहिल्या पाच मिनिटांत माझ्या यंत्रात 843 दोष शोधले, आणि ते दूर करण्यासाठी पैसे मागितले! शिवाय न बोलावलेले तीन सोबती बरोबर आणले. त्यानंतर काहीही उघडले की जाहिराती नाचू लागत.

भाच्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, तुम्ही फुकट आणि मुक्त यांच्यात गल्लत करताय."

ही गल्लत समजून घेण्यासारखी आहे. इंग्रजीत दोन्ही अर्थांना 'फ्री' हा एकच शब्द असल्यामुळे त्या लोकांना पानेच्या पाने खुलासा करावा लागतो. आपल्या मराठीला ती अडचण नाही. चोरीची प्रत ती फुकटी. एखादी कंपनी पैसे न घेता जे वापरू देते, ते मोफत. ते उद्या बंद होऊ शकते, किंवा त्याची किंमत ती आपल्या खासगी माहितीच्या रूपाने वसूल करू शकते. आणि ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली उघडी असते, कुणीही वाचावी, सुधारावी, शेजाऱ्याला द्यावी अशी परवानगी ज्याच्या परवान्यातच लिहिलेली असते, ते मुक्त. पाककृती डब्यात कुलूपबंद ठेवणारा हलवाई वेगळा, आणि चकलीच्या भाजणीचे प्रमाण चारचौघींना सांगणारी आजी वेगळी.

या विचाराचा उद्गाता रिचर्ड स्टॉलमन. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत तो काम करीत होता. तिथल्या छपाईयंत्रात कागद अडकत असे. त्यावर उपाय करण्यासाठी त्याला यंत्राची आज्ञावली हवी होती. ती त्याला मिळाली नाही. त्या चिडीतून एक तत्त्व उभे राहिले, आणि 1983 साली त्याने 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. पुढे 1991 साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकप्रणालीचा गाभा लिहिला आणि जगापुढे उघडा ठेवला. तीच लिनक्स. विद्यार्थ्याचा खेळ म्हणून सोडून देऊ नका. 2017 सालच्या नोव्हेंबरपासून जगातले सर्वांत वेगवान 500 महासंगणक सगळेच्या सगळे लिनक्सवर चालत आले आहेत. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तीच आहे. केरळातील सरकारी शाळांतली मुले गेली अनेक वर्षे त्यावरच संगणक शिकतात.

भाच्याने 'लिनक्स मिंट' नावाचा प्रकार पेनड्राइव्हवर आणला होता. यातली सोय अशी की, आधी पेनड्राइव्हवरूनच ती चालवून बघता येते; आतल्या मजकुराला धक्का लागत नाही. पसंत पडली तरच कायमची बसवायची. मुलगी पाहायला जावे आणि होकार-नकार सावकाश कळवावा, तसे! आम्ही आधी घरातल्या सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवली, ती उघडते का हे पाहिले, आणि मगच होकार दिला. जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी घातली. खर्च झाला तो तेवढाच. आता कळ दाबल्यावर चहाचे आधण ठेवायलासुद्धा वेळ मिळत नाही.

सगळ्यांनी लिनक्सच घ्यावी असे मी म्हणत नाही. काही कार्यालयीन कामांची सॉफ्टवेअरे तिच्यावर चालत नाहीत. ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांनी विचार करावा. पण पुढे सांगतो त्यातली बहुतेक साधने विंडोजवरही तितकीच चांगली चालतात.

पहिले 'लिबरऑफिस'. पत्र, हिशेबाचे तक्ते, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त, शाळेचा प्रकल्प, सगळे यात होते. याचे मूळ जर्मनीतल्या एका सॉफ्टवेअरात. 2010 पासून ते लिबरऑफिस या नावाने एक संस्था चालवते. विकतच्या सॉफ्टवेअरातल्या फायलीही ते उघडते. कधीकधी तक्ता जरा सरकतो, मजकुराची मांडणी हलते, एवढे मात्र सांगितले पाहिजे. म्हणून दुसऱ्याला पाठवायचा कागद पीडीएफ करून पाठवावा. ती सोय त्यातच आहे. अनेक पीडीएफ एकत्र जोडायच्या किंवा एकीची पाने वेगळी करायची असतील, तर 'पीडीएफसॅम बेसिक' आहे. हे काम करून देणारी संकेतस्थळेही पुष्कळ आहेत. पण आधारकार्ड, मृत्युपत्र, बँकेचे कागद परक्या संकेतस्थळावर चढवू नयेत. आपला कागद आपल्याच यंत्रात राहील असे साधन वापरावे.

दुसरे 'व्हीएलसी'. रस्ता खोदला की नारिंगी रंगाचा शंकू ठेवतात ना, ते याचे चिन्ह. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी 1996 साली हा उद्योग सुरू केला. कुठल्याही जातीची चित्रफीत द्या, ते दाखवते. आमच्या लग्नाची चित्रफीत ज्या तबकडीवर आहे, ती दुसरे काहीच उघडत नव्हते. व्हीएलसीने ती दाखवली. (आपण किती बारीक होतो, हे पाहून आम्ही दोघांनीही ती लगेच बंद केली.)

तिसरे 'ऑडॅसिटी'. घरात जुन्या कॅसेट असतील, त्यांवर आजीच्या ओव्या किंवा काकांचे गाणे असेल, तर टेपरेकॉर्डर तारेने संगणकाला जोडून ते ध्वनी यात उतरवून घेता येतात. कॅसेटची खरखरही कमी करता येते. गाणे सुरू होण्यापूर्वीची नुसत्या खरखरीची दोन क्षणांची पट्टी त्याला दाखवायची, की तो तसलाच आवाज सबंध कॅसेटमधून निवडून काढतो. तांदूळ निवडताना खडा कसा असतो ते एकदा दाखवून द्यावे, तसे. मात्र फार हात मारू नये. खड्याबरोबर तांदूळही जातात.

चौथे 'फोटोरेक'. याचे रूप अगदी साधे, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे. पण अडचणीच्या वेळी हाच देवासारखा धावून येतो. आमच्या शेजारच्यांच्या हातून मुलाच्या मुंजीचे सगळे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावरून पुसले गेले. घरात रडारड. वास्तविक फोटो पुसला म्हणजे तो लगेच नाहीसा होत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी आणि पाने जागच्या जागी राहावीत, असा तो प्रकार असतो. त्या पानांवर नवे काही लिहिले गेले, की मात्र जुने गेले. म्हणून पहिले पथ्य हे की, चूक लक्षात येताच ते कार्ड वापरणे थांबवावे. दुसरे पथ्य, सापडलेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता दुसरीकडे ठेवावेत. भाच्याने तासाभरात बहुतेक फोटो परत मिळवले. त्यांची नावे आणि क्रम गेला होता, पण बटू मिळाला!

मुलांसाठी दोन गोष्टी आवर्जून सांगतो. 'स्टेलॅरियम' हे घरबसल्याचे तारांगण. आपले गाव, तारीख आणि वेळ सांगितली की त्या क्षणीचे आकाश पडद्यावर उभे राहते. कार्तिकात संध्याकाळनंतर पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका कसा वर येतो ते मुलांना आधी यात दाखवावे, मग गच्चीवर न्यावे. दुसरे 'जिओजेब्रा', ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 साली सुरू केलेले. यात त्रिकोणाचा एक कोपरा बोटाने ओढला की तिन्ही कोन बदलतात, बेरीज मात्र 180 अंशांवरून हलत नाही. दहावीतल्या मुलीला जे मी आठवडाभर समजावत होतो, ते तिला दोन मिनिटांत दिसले.

स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागे बँकेचे परवलीचे शब्द लिहिण्याची पद्धत तुमच्याकडेही असेल. आमच्याकडे होती. आता ते सगळे 'कीपास'च्या पेटीत असतात आणि त्या पेटीचा एकच शब्द लक्षात ठेवावा लागतो. तो विसरला तर ब्रह्मदेवही पेटी उघडू शकत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता पथ्ये. कोणतेही साधन त्याच्या मूळ कर्त्याच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. शोधल्यावर सर्वांत वर दिसते ती पुष्कळदा जाहिरात असते, आणि पानावरचे सर्वांत मोठे हिरवे बटण पुष्कळदा खोटे असते. बसवताना 'पुढे, पुढे' असे डोळे मिटून म्हणत जाऊ नये. मधल्या चौकटींत न बोलावलेले पाहुणे उभे असतात. संगणक वेगवान करण्याचे वचन देणाऱ्याला दारातूनच निरोप द्यावा. 'कुलूप फोडून दिलेली' प्रत घेऊ नये. ज्याने दुसऱ्याचे कुलूप फोडले, त्याला आपल्या घराची किल्ली कशी द्यायची? आणि महत्त्वाच्या फायलींची निदान एक प्रत यंत्राबाहेर ठेवावी. हे शेवटचे पथ्य सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे.

आता बाबांची फाइल. ती खराब झालेलीच नव्हती.

त्याचे असे आहे. पूर्वी संगणकाला मराठी अक्षरे मुळात ठाऊक नव्हती. म्हणून फॉण्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवली. संगणकाच्या मते तिथे इंग्रजी अक्षरच असे. त्याने फक्त मराठी मुखवटा घातलेला असे. प्रत्येकाचा मुखवटा निराळा. तो फॉण्ट यंत्रात नसला की मुखवटा गळून पडतो आणि डॉलरची चिन्हे दिसू लागतात. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत 1991 साली आली, पण ती घराघरांत रुळायला पुष्कळ वर्षे लागली. बाबांचे लिखाण त्या मधल्या काळातले.

भाच्याने ती फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली. फॉण्ट यंत्रात नसला तरी त्याचे नाव वरच्या चौकटीत दिसते. ते नाव मिळाल्यावर जुन्या फॉण्टचे युनिकोड करून देणारे एक मोफत साधन त्याने शोधले. ते एका पानाचेच होते. ते पान त्याने आमच्या यंत्रात उतरवून घेतले आणि आंतरजालाची जोडणी काढून टाकली. "आजोबांचं लिखाण बाहेर कशाला पाठवायचं?" तो म्हणाला. मग मजकूर एका चौकटीत ओतला आणि बटण दाबले.

पहिली ओळ उमटली. बाबांच्या जन्मगावाचे नाव होते.

आई वाती टाकून बाहेर येऊन उभी राहिली.

काम तेवढ्यावर संपले नाही. जुन्या फॉण्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी ठेवलेली असते आणि रफार नंतर. नव्या पद्धतीत दोन्हींच्या जागा उलट. जोडाक्षर आले की साधन अडखळे आणि वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसे. एकाच तऱ्हेच्या चुका 'शोधा आणि बदला' म्हणून एकदम दुरुस्त केल्या. मराठी शब्द तपासणारी पुरवणी लिबरऑफिसला जोडली. तिने शंका आलेल्या शब्दांखाली लाल रेघा ओढल्या. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी घडवलेला 'मुक्त' हा अक्षरसंच घेतला. तो नावाप्रमाणे मुक्तच आहे, आणि मोठ्या आकारात आईला वाचताही येतो. मीही या निमित्ताने इन्स्क्रिप्ट कळपाट शिकलो. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये तो आधीपासूनच असतो, निवडायचा तेवढा. डावीकडे स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजने. पंधरा दिवस चिडचीड होते, मग बोटे आपोआप चालतात.

भाऊबीजेच्या रात्री भाचा मोठ्याने वाचत होता आणि आई डोळे मिटून ऐकत होती. सत्तरावे पान आले. 1986 साल, मी अभियांत्रिकीला प्रवेश घेतला ते. भाचा वाचता वाचता थांबला.

"आजी, इथे 'तिने पाट्या मोडल्या' असं आहे. लाल रेघ नाही. पाट्या मोडल्या म्हणजे काय? आजोबांचा शिकवणीवर्ग होता का?"

आईने डोळे उघडले नाहीत. "पाट्या नव्हेत रे," ती म्हणाली. "पाटल्या."

शब्द तपासणाऱ्याची चूक नव्हती. 'पाट्या' हा शब्द शुद्धच आहे. साधनाचीही चूक नव्हती. मूळ फाइलमध्येच बाबांच्या बोटातून एक 'ल' निसटला होता. आणि त्या वर्षी माझी फी भविष्यनिर्वाह निधीतून काढली, असे मला जे सांगितले गेले होते, ते गेली एकोणचाळीस वर्षे मी खरे मानत आलो होतो.

"आई, तू बोलली नाहीस कधी?"

"ह्यांनी तरी कुठे सांगितलं होतं, लिहून ठेवलंय म्हणून?" ती म्हणाली. "पुढचं वाच रे बाळ."

लिखाण पुरे झालेलेच नव्हते. एकशे बाराव्या पानावर, वाक्याच्या मध्येच ते थांबते. आम्ही ते तसेच ठेवले. 'पाट्या'च्या जागी मात्र मी माझ्या हाताने 'पाटल्या' केले. फाइल आता खुल्या पद्धतीत आहे, तिच्या तीन प्रती तीन घरी आहेत, आणि ती उघडण्यासाठी कोणत्याही दुकानाची परवानगी लागत नाही.

तुमच्याही घरात अशी एखादी न उघडणारी फाइल असेल. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या एखाद्या मुलाला हाताशी धरा आणि ती उघडून पाहा. संगणक आमच्याकडे अजून त्याच कोपऱ्यात आहे. फराळाचे डबे सौ.ने टेबलाखाली लावले आहेत.